एकाच गाण्याच्या एकसष्ट प्रती

माझ्या संगणकात एक गाणं एकसष्ट वेळा साठवलेलं आहे, हे मला मागच्या उन्हाळ्यात कळलं. त्यातल्या साठ प्रती मीच बिघडवलेल्या होत्या. एकसष्टावी आपोआप बिघडली.

नांदुऱ्यात स्टेशनाकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग मोबाइलची मेमरी कार्डं भरून देणं. लोकांना मोबाइलवरच सगळं ऐकू यायला लागलं तेव्हा मी शटर ओढलं. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्यात असतो, रविवारी फोन करतो, जेवण झालं का विचारतो. दुकानातला संगणक आणि दोन हार्ड डिस्क घरी मागच्या खोलीत आणून ठेवल्या आहेत. माझा दिवस तिथेच जातो.

त्या डिस्कांमध्ये आजूबाजूच्या पंचवीस-तीस गावांचे आवाज आहेत. भजनी मंडळं, कव्वाल, लग्नातली मंगलाष्टकं, शाळांची स्नेहसंमेलनं, रोहिणखेडच्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं गायलेली नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत. मुलानं एक सोय करून दिली होती. सारख्या फाइली शोधून ती समोर यादी मांडते, कुठली ठेवायची आणि कुठली काढायची ते आपण सांगायचं. मी तांदूळ निवडावेत तसं रोज थोडं थोडं निवडायचो.

सारख्या फाइली एवढ्या का होत्या, ते मला विचारायची गरज नव्हती. कार्ड भरून देताना आम्ही 'हजार गाणी' अशी पाटी लावायचो. हजार गाणी कुठून आणणार? तेच गाणं एकदा गाणाऱ्याच्या नावानं टाकायचं, एकदा गावाच्या नावानं, एकदा नुसतं 'नवीन भजन' म्हणून. कोणी तक्रार केली नाही. हजाराव्या गाण्यापर्यंत कोणी पोचतच नसे. शिवाय दुसऱ्या दुकानदारानं आपलं रेकॉर्डिंग चोरू नये म्हणून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा मी माझ्या आवाजात दुकानाचं नाव घालायचो. त्यामुळे निवडायला बसलं की दर दोन-तीन मिनिटांनी माझाच आवाज मला ऐकू यायचा. चाळिशीतला, भरदार, स्वतःवर खूश असलेला. घरात दुसरं कोणी बोलत नव्हतं.

अशा एका दुपारी पन्नाशीला आलेली एक बाई दारात उभी राहिली.

"काका, वळखलं का?"

"नाही बा."

"बाबासंग येत होती मी तुमच्या दुकानात. तुमी मले फुटक्या कॅसेटची टेप देत होते खेळाले."

तेव्हा ओळखलं. ती भजनवाल्या बुवाची मुलगी. माझ्या हातातला माउस मी खाली ठेवला.

ती म्हणाली, "माय आता माह्यापाशीच राह्यते, डोणगावले. तिचे डोळे गेल्यातच जमा हायेत. दिवसभर आयकत बसते, रस्त्यानं कोन चाललं, कोनाची गाडी हाय. परवा म्हने, तुह्या बापाचं गाणं आन. सरकीचं."

मी संगणकाचा आवाज बंद केला.

"पन काका, ते जीपवालं नका देऊ बरं. ते आयकलं का माय उठून जाते. पुरं गाणं द्या. बाबा म्हनत, पुरं गाणं निराळं होतं. मरेपर्यंत तेच म्हनत होते. मायनं काही मानलं नाही."

"काऊन?" मी विचारलं. मला ठाऊक असूनही विचारलं.

"आवाज त्यायचाच होता ना, काका."

पंधरा दिवसांनी फोन करते म्हणून ती गेली. तिनं आणलेली बोरकुटाची पुडी टेबलावर राहिली.

बुवा मोताळा तालुक्यातल्या एका गावचा. पाच एकर हलकी जमीन, त्यात कापूस आणि तूर. खंजेरी वाजवून भजन म्हणायचा आणि स्वतः गाणीही जोडायचा. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. नांदुऱ्याला कापूस घेऊन आला की दुकानात टेकायचा, "टेपवाल्या, चहा सांग बे," म्हणायचा आणि चहा आला की अर्धा मला द्यायचा. मैत्री म्हणावी तर तेवढीच. पण दुकानात इतके लोक यायचे, त्यांत माझी विचारपूस करणारा तोच एक होता.

त्याचं सरकीचं गाणं मी कॅसेटवर घेतलं होतं. त्या काळात पेरणीआधी घरची राखून ठेवलेली सरकी शेणामातीत घोळून, चोळून सुटी करायचे, म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही. ते काम करताना म्हणायचं ते गाणं. पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

काळे माय, तुह्या ओटीत सरकी घातली,
आता तू जाग, मी पाठ टेकली.

पुढे आणखी एक कडवं होतं. त्यात पुढच्या सालासाठी मूठभर घरचं बियाणं बाजूला ठेवायची गोष्ट होती. गाण्याचा सगळा जीव त्या कडव्यात होता.

मग बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटं आली. पहिली एक-दोन वर्षं लोक बिचकत होते. घरचं बियाणं फुकटचं, ते सोडून पाकीट का घ्यायचं? एका बियाणं-दुकानदारानं गावोगाव जीप फिरवायचं ठरवलं. जीपवर भोंगा आणि भोंग्यावर अर्ध्या तासाची कॅसेट. ती बनवायचं काम माझ्याकडे आलं. तो म्हणाला, "मास्तरासारखं नका बोलू, गावातलं काही तरी टाका. लोकायले आपलं वाटलं पाहिजे."

मी बुवाची कॅसेट काढली. पहिल्या दोन ओळी घेतल्या. दुसरं कडवं कापलं. त्याच्या जागी माझा आवाज घातला: "शेतकरी बंधूंनो, बोंडअळीची चिंता सोडा, अमुक वाण पेरा आणि निवांत पाठ टेका." मग पुन्हा बुवा, पुन्हा मी, असं दहा वेळा. जोड कुठे आहे ते मलाही ओळखू येत नव्हतं. त्याचा मला अभिमान वाटला होता, हे इथे लिहून ठेवतो. बुवाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. त्या कामाबद्दल बियाणं-दुकानदारानं माझ्या दुकानाची पाटी नव्यानं रंगवून दिली. अर्ध्या पाटीवर माझं नाव, अर्ध्या पाटीवर त्याचं पाकीट.

जीप त्या भागात महिनाभर फिरली. बुवाच्या गावात तर बहुतेकांनी तेच वाण लावलं. बुवा सांगतो म्हटल्यावर त्यांना दुसरं काही ऐकायची गरज वाटली नाही. त्या वर्षी पावसानं मध्येच पाठ फिरवली, पानं लाल पडली, बोंडं धरलीच नाहीत. बियाणं वाईट होतं, का पाऊस, का त्या हलक्या जमिनीत ते वाण चालणारच नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. भारी जमिनीत काहींना तेच चांगलं पिकलं. पण बुवाच्या गावात ते गेलं, आणि ते बुवाच्या गाण्यावर गेलं असं ठरलं.

दिवाळीच्या आधी तो दुकानात आला. पाच-सहा गिऱ्हाईकं होती. तो बसला नाही.

"टेपवाल्या, मी हे कवा गायलो बे? पाकिटाचं?"

पाटी नवी होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "काय बुवा, इसरले का? तुमीच तं म्हनले होते, लाव म्हनून."

कोणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "बुवा, पाकिटं फुकट भेटली असतीन तं सांगाची होती ना, आमीबी गायलो असतो!" मग सगळेच हसले.

बुवानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस आपण चुकीच्या घरात शिरलो असं कळल्यावर जसा पाहतो, तसं. मग तो पायऱ्या उतरून गेला. पुन्हा कधी आला नाही.

लोक असं काही ऐकलं की पुढचं गृहीत धरतात. तसं काही झालं नाही. तो शेती करत राहिला. पुढे त्यानंही पाकीटच पेरलं, कारण गावात घरची सरकी कोणाकडे उरलीच नव्हती. पण त्याला भजनाला कोणी बोलावेना आणि त्यानंही गाणं सोडलं. तो पुष्कळ वर्षांनी दम्यानं गेला. मला चार महिन्यांनी कळलं, तेही बसमध्ये.

मुलगी येऊन गेल्यावर मी शोधायला बसलो. निवडणं राहिलं बाजूला, फक्त तेच गाणं शोधायचं. यादीत एकसष्ट नावं आली. मी एकेक लावत गेलो. प्रत्येकात सुरुवातीला खंजेरी, मग बुवा, मग मी. "शेतकरी बंधूंनो." दुसरी लावली, "शेतकरी बंधूंनो." दोन दिवस मी स्वतःला तेच सांगताना ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाबाजी, निवडणूक आली का काय हो?"

मूळ गाणं असं कसं नाहीसं झालं, तेही आठवलं. दुकानात संगणक आला तेव्हा मी दोन्ही कॅसेटी त्यात उतरवल्या होत्या, मूळ गाण्याची आणि जीपची. दोन्हींना नाव एकच दिलं होतं, बुवाच्या गावाचं, कारण वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. पुढे जागा कमी पडली तेव्हा सगळे कप्पे एकत्र केले. संगणकानं विचारलं, याच नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? जीपची अर्ध्या तासाची, मोठी. मूळ गाणं साडेचार मिनिटांचं. मी म्हणालो, हो, सगळ्यांच्या जागी ठेव. पुढे कार्डं भरताना वेगवेगळ्या नावांनी ज्या प्रती काढल्या, त्या त्या जीपच्या फाइलीच्याच. कॅसेटी त्याआधीच भंगारवाल्याला दिल्या होत्या. तो 'हो' दाबताना काय जातं आहे ते मला माहीत होतं का? मी याचा खूप विचार केला. पूर्ण माहीत नव्हतं. पण पाहिलंही नाही, आणि न पाहणं मला सोयीचं होतं.

एकसष्टावी फाइल जुन्या डिस्कच्या तळाशी निघाली. साडेचार मिनिटांची. ती लावली. खंजेरीचे चार ठोके, बुवाचं खाकरणं, मग त्या दोन ओळी, संथ, पूर्ण. माझं दुकानाचं नाव त्यात नव्हतं. ते घालायच्या आधीची, कप्पे एकत्र करताना मागे राहिलेली प्रत होती ती. चाळीस सेकंद झाले आणि आवाज तुटायला लागला. कर्र, मग एक अक्षर, मग कर्र, मग पाण्याखालून कोणी बोलावं तसं, मग शेवटपर्यंत नुसती खरखर. खामगावला एका दुरुस्तीवाल्याकडे डिस्क घेऊन गेलो. त्यानं दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, "काका, जे खराब झालं ते नाही येत परत. चाळीस सेकंद आले तेच लय झालं."

दुसरं कडवं गेलं होतं. पुरावा म्हणून माझ्याकडे आता फक्त माझं तोंड होतं. मुलीचा फोन आला तेव्हा 'फाइल खराब झाली' एवढंच सांगून सुटता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मी म्हणालो, "मीच येतो."

नांदुऱ्याहून खामगाव, खामगावहून मेहकर, मेहकरहून डोणगाव. सकाळी निघालो, पोचायला दुपार झाली. बुवाची बायको बाजेवर बसून वाती वळत होती. बोंडातली सरकी बोटांनी चाचपून काढायची, बाजूला वाटीत टाकायची, मग कापूस तळहातावर वळायचा. तिला दिसत नव्हतं, पण एकही दाणा कापसात राहत नव्हता.

"कोन आलं व?"

"टेपवाले काका, माय."

तिचे हात थांबले. मी छोटा स्पीकर बाजेच्या कडेवर ठेवला आणि लावलं. खंजेरी, खाकरणं. त्या खाकरण्याला तिनं मान वर केली. दोन ओळी झाल्या. मग कर्र.

"बस?" ती म्हणाली.

"बस. एवढंच राह्यलं."

"पुढचं?"

"पुढचं मी घालवलं, वहिनी."

मग मी सगळं सांगितलं. कडवं कापलं, माझा आवाज घातला, त्यांना विचारलं नाही, आणि दुकानात सगळ्यांसमोर खोटं बोललो. बुवा खरंच बोलत होते, हे दोनदा सांगितलं. मुलगी चहाचा कप हातात घेऊन दारात तशीच उभी होती.

म्हातारीनं हातातली वात वाटीशेजारी ठेवली. मग तिनं ते दुसरं कडवं म्हटलं. गायलं नाही, नुसतं म्हटलं, बाजाराची यादी सांगावी तसं. चारही ओळी. एक अक्षर कमी नाही.

"हेच होतं ना?"

"हाव. हेच. तुमाले पाठ हाय?"

"पाठ नसन का? घरात शंभरदा म्हनून दाखवलं त्यायनं मले. म्हनत, पाह्य, हे कडवं जीपवर हाय का, सांग. मी म्हनली, हे तुमी आता बनवलं घरी बसून, खोटं झाकाले." तिनं वाटीतली सरकी हातात घेतली आणि पुन्हा वाटीत सोडली. "तवापासून म्हनलंच नाही त्यायनं."

माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. सवयीनंच गेला. "वहिनी, एकदा अजून म्हनान का? भरून घेतो."

"नाही. तुमच्या मशिनीत नाही."

मी हात काढला.

"अन् मले काऊन सांगता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी होती का त्या दुकानात? ज्यायच्यासमोर बोलले त्यायले सांगा ना जाऊन."

चहा मी अर्धाच प्यायलो. मुलगी स्टँडवर सोडायला आली. बस लागली. मग मोबाइल पुढे करून म्हणाली, "ते चाळीस सेकंद माह्याच्यात टाकून द्या." मी खरखरीसकट अख्खी फाइल टाकून दिली.

ते कडवं मी इथे लिहिलेलं नाही. ते मला आता पाठ आहे, पण लिहायचा हक्क मला दिला गेलेला नाही.

आठ दिवसांनी बुवाच्या गावी गेलो. देवळाच्या पारावर चार म्हातारे आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेली दोन तरुण पोरं बसली होती. मी कोण ते सांगितलं आणि कशाला आलो तेही सांगितलं. उभ्यानंच. एक पोरगा म्हणाला, "कोनता बुवा?" त्याला दुसऱ्यानं सांगितलं, "अबे, पाकिटवाला बुवा. माहा आजा म्हने ना." म्हणजे ते नाव अजून चालू होतं.

पहिला हसला. "मंग आता काय करता बाबाजी? पुतळा बसवता का बुवाचा?"

"गप बे," कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला. त्याच्या एका हाताला कंप होता. त्यानं मला नीट निरखून पाहिलं. "त्या दिवशी मी होतो तुमच्या दुकानात. लग्नाची कॅसेट न्याले आलो होतो. फुकटच्या पाकिटाचं मीच बोललो होतो. अन् गावात येऊन साऱ्यायले मीच सांगतलं. तुमी तं एकदाच बोलले. मी दहा वर्षं बोललो."



मग तो म्हणाला, "गाणं आनलं का?"

"चाळीस सेकंद हायेत."

"तवा भोंग्यावर वाजलं, आता हेबी भोंग्यावरच वाजू दे." त्यानं त्या हसणाऱ्या पोरालाच देवळातलं मशीन लावायला पिटाळलं.

दुपारचे चार वाजले असतील. भोंग्यातून खंजेरी वाजली आणि बुवा खाकरला. दोन-तीन घरांतून बायका दारात आल्या. आवाज तुटायला लागला तेव्हा मी माइक घेतला. आयुष्यभर माइकवर बोललो, पण दुकानाचं नाव न घेता सुरुवात कशी करायची ते सुचेना. शेवटी म्हणालो, "हे गाणं पाकिटाचं नव्हतं. ते मी कापलं होतं. बुवा खोटं बोलले नव्हते, मी बोललो होतो." एवढं दोनदा म्हटलं आणि माइक खाली ठेवला. बायका आत गेल्या. एकीनं जाता जाता दुसरीला काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. कंपवाला म्हातारा देवळाच्या भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साडेचारची गाडी हाय. तेवढी धरा, मंग नाही."

घरी येऊन मी यादी उघडली. साठ प्रती एकेक करून काढल्या. सगळ्या एकदम काढता आल्या असत्या, पण मी तसं केलं नाही. प्रत्येक वेळी संगणकानं विचारलं, नक्की काढू का? प्रत्येक वेळी नाव वाचून मी हो म्हणालो. उरली ती चाळीस सेकंदांची. तिला बुवाच्या गावाचं नाव होतं ते काढलं आणि बुवाचं नाव दिलं.

त्यानंतर महिना-सव्वा महिना डोणगावहून काही कळलं नाही. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. मग एका सकाळी मुलीचा फोन आला. कामाचाच होता, मोबाइलमधला आवाज मोठा कसा करायचा ते विचारायला. मी सांगितलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "माय रोज लावाले सांगते काका. अन् खरखर सुरू झाली का मी बंद कराले जाते, तं म्हनते, राहू दे."

साडेचार मिनिटांतली जवळजवळ चार मिनिटं नुसती खरखर आहे. म्हातारी तेवढा वेळ बसून असते. त्यात ती काय ऐकते, ते मी विचारलं नाही.